मोकळा पाय, भरला पाय

माघ लागला की ठाण्याच्या हवेत कोरडेपणा येतो. सकाळी अंगणात उभं राहावं तर ओठांना खारट चव लागते आणि वाऱ्याला ओल्या चिखलाचा नव्हे, तापलेल्या चिखलाचा वास असतो. बाळकुमच्या बाजूला खाडीलगत एकेक पांढरी रास दिसू लागते. आज चार, परवा दहा, पंधरवड्यात मोजायच्या पलीकडे. मिठाचा हंगाम सुरू झालेला असतो. लोकांना आंब्याला मोहोर आला की हुरूप येतो, मला या दिवसांत येतो. आमच्या घरातून त्यावर एकच शेरा मिळतो, ‘झालं, आता इकडचं चित्त जागेवर राहायचं नाही.’

शेरा खरा आहे. यंदाही परवा पहिली रास दिसली आणि मी जुना पंचा खांद्यावर टाकून निघालो.

मी मुंबईच्या एका कॉलेजात कायदा शिकवण्यात उमर घालवली, पण माझं खरं काम वेगळं होतं. पोलीस काम कसं करतात ते पाहायचं. शिपाई जागेवर आल्यावर आधी कुठे बघतो, कोणाला विचारतो, कोणाला विचारत नाही, हातात काय घेतो, कागदावर काय लिहितो आणि काय लिहायचं राहतं. या विषयाला तेव्हा आपल्याकडे नावही नव्हतं. कल्याणला आमच्या वडिलांना शेजारी विचारत, मुलगा पोलिसात आहे का? वडील म्हणत, नाही, पोलिसांच्या मागे आहे. मग शेजाऱ्यांचे चेहरे पडत आणि वडिलांना घाईघाईनं सांगावं लागे की पोलीस याच्या मागे नाहीत, हाच त्यांच्या मागे आहे.

किती नवी हत्यारं आली त्या वर्षांत! झडप लावलेला कंदील आला, तेव्हा एका चौकीतले शिपाई आठवडाभर दिवसासुद्धा तो उघडझाप करत बसले होते. कैद्यांच्या तसबिरी काढायचा कॅमेरा आला, तर पहिल्याच दिवशी एका भुरट्या चोरानं तसबिरीसाठी पागोटं नीट बांधून मागितलं आणि फौजदारानं ते स्वतः बांधून दिलं. त्या तसबिरीतला माणूस एखाद्या गावचा पाटील वाटतो. तारयंत्र आलं, शिट्ट्या आल्या, आता माणसाची हाडं मोजायची यंत्रं आणि बोटांचे ठसे यांची चर्चा आहे. मला ही सगळी हत्यारं आवडत आली. मुलाला नव्या पतंगाचं वाटावं तसं मला त्यांचं वाटे. पण त्यांच्याकडे बघावं कसं, हे मला एका माघात कळलं. मी तेव्हा तिशीत होतो आणि माझ्याजवळ पांढऱ्या प्लास्टरची एक गोणी होती.

प्लास्टर मी मुंबईतल्या एका पुतळे करणाऱ्या कारागिराकडून आणलं होतं. एका इंग्रजी पुस्तकात मी वाचलं होतं, की चिखलातल्या पाऊलखुणेत ते पातळ करून ओतलं आणि अर्धा तास थांबलं की पायच्या पाय दगडासारखा हातात येतो. मी घरी प्रयोग सुरू केले. अंगणात पाणी टाकायचं, कोणालातरी चालवायचं, ओतायचं. पहिला ठसा बायकोच्या पायाचा. ती लाजून लाल झाली आणि नंतर स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘इकडून पुन्हा माझं पातेलं गेलं का?’ पातेलं गेलेलंच होतं. प्लास्टर त्याच्या बुडाला कायमचं बसलं होतं.

बाळकुमच्या अंगाला एक लहान चौकी होती. तिथल्या जमादाराचं नाव सखाराम. मूळचा साताऱ्याकडचा, पन्नाशीला आलेला, डोक्यावरून पागोटं कधी न काढणारा. पाऊलखुणा मोजायची त्याची स्वतःची रीत होती. एक सुताची दोरी. टाचेपासून अंगठ्यापर्यंत एक गाठ, चवड्याच्या रुंदीला दुसरी. अशा गाठी मारलेल्या दोऱ्यांचा जुडगा त्याच्या खुंटीला लोंबत असे, आणि कोणती दोरी कोणाची ते त्याला न बघता सांगता येई. मी त्याला माझा पहिला ठसा दाखवला, तेव्हा त्यानं तो दोन्ही हातांवर तान्ह्या मुलासारखा घेतला. मग दोरी लावून पाहिली आणि म्हणाला, मास्तर, आता माझी दोरी म्हातारी झाली. त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

माघी पौर्णिमेच्या उधाणानंतरच्या सकाळी त्यानं मला निरोप पाठवला. ठाण्याच्या एका शेटजींचं मिठागर तिथे होतं. त्यातल्या खाडीकाठच्या राशीतलं बरंच मीठ गेलं होतं. राखणदार उधाणाच्या भीतीनं गावात येऊन झोपला होता. पहाटे परत गेला, तर रास एका बाजूनं ढासळलेली आणि बांधावरच्या ओल्या चिखलात पावलं. बरीचशी राखणदारानंच तुडवली होती, पण एक पाऊल स्वच्छ होतं. राशीकडून गावाकडे निघालेलं, उजवं.

मी प्लास्टर कालवलं, ओतलं, पंच्यानं सावली धरून बसलो. ठसा निघाला तो असा सुरेख की टाचेवरची भेग दिसत होती. जमादारानं मिठागरावरच्या सगळ्या माणसांना एका ओळीत बसवलं, पाय बघितले आणि पोशापाशी थांबला. पोशा आगरी, त्याच गावचा, त्याच मिठागरावर लहानपणापासून काम केलेला, चाळिशीचा अबोल माणूस. त्याचा पाय ठशाला तंतोतंत जुळला. भेगसुद्धा जुळली.

पोशानं नाकारलं नाही. पाय माझाच, म्हणाला. पहाटे गेलो होतो, बांधाला भगदाड पडलं होतं, ते बुजवून आलो. जमादारानं एका शिपायाला बांध बघायला पाठवलं. शिपाई लांबून बघून आला आणि म्हणाला, बांध अखंड आहे, भगदाड कुठेच नाही. मग पोशाला चौकीत घेतलं आणि तिथून ठाण्याला पाठवलं. मी ठसा फडक्यात गुंडाळून घरी आणला आणि बायकोला सांगितलं, या प्रांतात हे पहिल्यांदा घडलं आहे. तिनं विचारलं, त्याच्या घरी कोण कोण आहे? मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते कळलं. पोशाची बायको नामी बाळकुमहून चालत आमच्या दारात आली. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, उन्हानं करपलेले हात, डोळे कोरडे. रडून भागवायचं नाही असं ठरवून आलेली बाई दिसली की ओळखू येते. ती म्हणाली, तुम्ही दगडाचा पाय केलाय म्हणतात, तो मला बघायचाय. मी जरा चाचरलो, पण आमच्या घरातून तोवर पाट मांडला गेला होता.

नामीनं ठसा मांडीवर घेतला. बोटांवरून, चवड्यावरून, टाचेवरून तळहात फिरवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “मास्तर, ह्यो पाय माझ्या मानसाचाच हाय. पन ह्यो मोकला पाय हाय.”

मला अर्थ लागला नाही. मोकळा म्हणजे काय? तिनं समजवायचा प्रयत्न केला नाही. उठली, अंगणात गेली, हौदाजवळची ओली जागा बघितली आणि तीवरून सरळ चालत गेली. मग बायकोला म्हणाली, बाय, ती घागर भरून माझ्या डोक्यावर दे. भरली घागर घेऊन ती पहिल्या पावलांशेजारून पुन्हा चालली आणि बाजूला उभी राहिली.

मी वाकून बघितलं. त्याच बाईचे तेच पाय, पण दोन ओळी दोन बायकांच्या वाटाव्यात. मोकळ्या पावलांत बोटं नुसती टेकलेली. भरल्या पावलांत बोटांनी माती धरून ठेवलेली, टाच खोल, चवडा पसरलेला, दोन पावलांतलं अंतर कमी. आमच्या घरातूनही मग घागर उचलली गेली आणि पदर खोचून तीही चालली. तेच. या अंगणातून रोज दोन वेळा भरल्या घागरी जात होत्या. मी पाऊलखुणांवरची पुस्तकं वाचत त्याच ओसरीवर बसत होतो, आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

चोर मोकळा येतो आणि भरला जातो. आमचा ठसा जाणाऱ्या पायाचा होता, आणि तो मोकळा होता.

त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. माझ्या ठशानं खोटं सांगितलं नव्हतं. पाय कोणाचा, हे त्यानं चोख सांगितलं होतं. तो पाय काय करत होता, हे मी माझ्या पदरचं जोडलं होतं, आणि त्या जोडलेल्या अर्ध्या वाक्यापायी एक माणूस कोठडीत बसला होता. सगळ्यात वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ही चूक निस्तरायची तर माझ्या नव्या हत्याराचं कौतुक संपणार, अशी एक भीती मनाच्या कोपऱ्यात बसलेली मला दिसली. ती दिसली, म्हणून मी सकाळी उठून चौकीवर गेलो.

जमादार ऐकून घेताना दाराबाहेर बघत होता. माझं संपल्यावर म्हणाला, एका अंगणात दोन बायका चालल्या, तेवढ्यावर मी सरकारात काय सांगू? मग त्यानं खुंटीवरचा दोऱ्यांचा जुडगा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाला, “दोन नकोत. वीस माणसं चालवू. आणि चुकलो असेन तर माझ्याच चौकीला आधी कळू दे.”

शेटजींची परवानगी मिळायला दोन दिवस गेले. तो प्रयोगाचा दिवस मला आजही अंगावर ऊन घेतल्यासारखा आठवतो. मिठाचे वाफे आरशासारखे पसरलेले. खाडीवरून वारा. बांधाच्या कडेला आम्ही चिखलाचा लांब पट्टा पाणी टाकून सारखा केलेला. बाळकुमचं अर्धं गाव आलेलं, आणि प्रत्येकाला चालायचं होतं. आधी मोकळं, मग डोक्यावर चुंबळ ठेवून मिठाची भरली पाटी घेऊन. पोशाचा थोरला भाऊ चालला, त्याची सून चालली, राखणदार चालला. एक म्हातारा भरली पाटी घेऊन तरुणासारखा गेला आणि मोकळा परत येताना घसरला, तेव्हा हसण्याला तोटा राहिला नाही. मी ठसे ओतत होतो. प्लास्टर संपत आलं तेव्हा बायका कौलं पालथी घालून पावलं झाकू लागल्या, वाऱ्यानं सुकू नयेत म्हणून. नामी कोण कसा चालतोय ते बघत होती आणि कोणी मुद्दाम जोरात पाय रोवला तर त्याला परत पाठवत होती. लबाडी चालायची नाही, म्हणे. मला कॉलेजात असा सहकारी कधी मिळाला नाही.

वीस झाले. एकविसावा जमादार उठला. त्यानं जोडे काढले, पायांचे पट्टे सोडले आणि क्षणभर थांबून पागोटंही उतरवलं. सगळं टक्कल उन्हात चकाकलं. कोणी हसलं नाही, कारण तो स्वतःच आधी हसला. त्याच्या डोक्यावर चुंबळ आणि भरली पाटी आली. त्या माणसानं आयुष्यात कधी मीठ वाहिलं नव्हतं. पहिल्या पावलाला डुलला, चौथ्याला तोंडावर मिठाची धार आली, पण टोकापर्यंत गेला. मग वळून आला आणि आपल्याच दोन ओळींपाशी उकिडवा बसला. खूप वेळ बघत राहिला. दोरी काढली, मोकळ्या पावलाला लावली, भरल्याला लावली. भरलं पाऊल बोटभर जास्त भरलं.

“मास्तर,” तो हळूच म्हणाला, “हा माझा पाय मलाच ओळखू आला नसता.”

पण मीठ गेलं कुठे, हा प्रश्न उरलाच होता. पोशानं होडीत घातलं असेल, असं शेटजींचा मुनीम म्हणत होता. त्यावर नामी म्हणाली, पहिल्या दिवसापासून सांगतेय, रास बघा, पण मला राशीपाशी कोणी जाऊ देत नाही. जमादारानं तिला पुढे घातलं. ती राशीच्या खाडीकडच्या अंगाला गेली आणि तिथल्या मिठावर विळ्याच्या मुठीनं ठोकलं. खण्ण आवाज आला. इतर बाजूचं मीठ भुसभुशीत, आणि या बाजूला खडीसाखरेसारखा कडक पापुद्रा. भिजून पुन्हा वाळलेलं मीठ. पापुद्र्याखाली पोकळी. उधाणाचं पाणी बांधातून आत आलं होतं, त्यानं रास खालून खाल्ली होती आणि जसं आलं तसं मीठ घेऊन गेलं होतं. चोर नव्हताच.

मग बांध. शिपायानं लांबून बघितलेला तो अखंड बांध. जवळ गेल्यावर दिसलं की हातभर रुंदीचा एक पट्टा बाकीच्यापेक्षा काळा आहे. तो इतका नीट लिंपला होता की लांबून काय, जवळूनही एकदम कळला नसता. पोशानं काम चांगलं केलं होतं, आणि त्या चांगल्या कामानंच त्याचा पुरावा झाकला होता. मी गुडघ्यांवर बसलो. वाळलेल्या चिखलात हात उमटले होते. पाच-सहा ठिकाणी दाबलेले पंजे, तळव्याच्या रेषा, बोटांच्या पेरांवरची बारीक वळणं. आणि दर उजव्या पंजाला करंगळी अर्धीच. नामी म्हणाली, लहानपणी भात कापताना गेली ती.

जमादार तो तुकडा कापून न्यायला निघाला, तर तिनं त्याचा हात धरला. हा काढलात तर आजच्या भरतीला परत पाणी आत. मग मी गोणी झटकली. तळाशी मूठ-दोन मुठी प्लास्टर उरलं होतं. एक पंजा पुरेल इतकं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मामलेदारांच्या मेजावर आम्ही ठसे मांडले. जमादार बोलला, मी फक्त वस्तू पुढे करत होतो. पोशाला आणलं. त्याला काही ठाऊक नव्हतं. मामलेदारांनी त्याला पांढऱ्या पंजाशेजारी उजवा हात ठेवायला सांगितला. त्यानं ठेवला. एक काळा, एक पांढरा, दोन्हींना अर्धी करंगळी. मामलेदार वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पोशाला विचारलं, तू हे आधी का सांगितलं नाहीस? पोशा म्हणाला, सांगितलं होतं. शेटजी आलेले होते. ते उठले आणि पोशाच्या त्याच हाताला दोन्ही हात लावून उभे राहिले.

पोशाला सोडल्यावर आम्ही सगळे बैलगाडीनं बाळकुमला गेलो. गावाच्या तोंडाशी बायका ओवाळायला उभ्या होत्या. पोशा गाडीतून उतरला आणि घराकडे न वळता तडक बांधाकडे चालू लागला. आम्ही मागोमाग. त्यानं लिंपलेल्या जागी टाच दाबून बघितली, वाकून कान लावला, आणि आठ दिवसांनी पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू आलं. बरा हाय, म्हणाला. मग ओवाळून घेतलं.

जमादाराचा अहवाल मी लिहिला, कारण त्याचं अक्षर त्याला स्वतःला वाचता येत नसे. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. एका जागी मी त्याला वाचवण्यासाठी ‘गैरसमज झाला’ असं लिहिलं. त्यानं ते वाचून दाखवायला लावलं आणि खोडायला सांगितलं. मी चुकलो, असं लिहा. कसा चुकलो आणि कसं कळलं, ते सविस्तर लिहा. मी लिहिलं, आणि खाली माझी चूकही माझ्या नावानं लिहिली. पुढे मी बरेच निबंध लिहिले, काही विलायतेपर्यंत गेले. पण त्या जमादाराच्या अहवालाइतका सच्चा कागद माझ्या हातून पुन्हा उतरला नाही. सहीच्या जागी त्यानं नाव लिहिलं, तेव्हा लेखणी फार हळू चालत होती आणि मान ताठ होती.

त्या साली शिमगा आम्ही बाळकुमला केला. तांदळाच्या भाकऱ्या, खाडीची मासळी, होळीभोवती रात्र पडेपर्यंत नाच. आमच्या घरातून मासळीकडे पाठ फिरवून पुरणपोळी खाल्ली गेली, पण फेरात मात्र नामीचा हात धरून पाऊल टाकलं गेलं. मीही नाचलो. कसा नाचलो ते विचारू नये.

सखाराम जमादार आता नाही. पेन्शन घेऊन साताऱ्याकडे गेला आणि तिकडेच वारला. पोशा आहे, त्याला ऐकू कमी येतं. दरवर्षी माघात मी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन बाळकुमला जातो. त्यांतले काही वकील होतात, एखाददुसरा पोलीसखात्यात जातो. त्यांना चिखलावर चालवतो, पाट्या उचलायला लावतो. त्यांच्या तलम धोतरांचे काठ मिठानं पांढरे होतात आणि परतीच्या वाटेवर ते मोठ्यानं गातात.

परवाही गेलो. यंदाच्या चमूत एक फार हुशार मुलगा आहे, बोटांच्या ठशांवरचं नवं पुस्तक कोळून प्यालेला. बांधाच्या कडेला एक ताजी पाऊलओळ होती. तो तिच्यावर वाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगू लागला. पाऊल बाईचं. वय साठीच्या वर. डोक्यावर भार होता, पण फार नाही. डावा गुडघा दुखतो. एकेक गोष्ट बरोबर होती. मला अभिमान वाटला, आणि मी मान डोलावली. मग तो पुढे गेला. ही बाई, म्हणाला, घाईत होती, पाऊल मधेच वळलंय, म्हणजे कोणाला तरी चुकवायला ती बांधावरून खाली उतरली असावी.

पाच हातांवर नामी रिकामी पाटी घेऊन उभी होती. पिकलेले केस, खोचलेलं लुगडं, डावा पाय जरा मोकळा सोडलेला. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“अरं बाला,” ती म्हणाली, “माना इचार ना. मी हतंच उभी हाय.”

मुलं हसली. तो लाजला, क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मी खाडीकडे बघितलं. मग त्यानं पुस्तक बगलेत मारलं, तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, आणि विचारलं.